वरचे काका बसले तेव्हा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका खुर्चीचा वैरी माणूस सबंध दादरा नगर हवेलीत झाला नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. माणसाचं माणसाशी वैर असतं, भावाचं भावाशी बांधावरून असतं, सासवांचं सुनांशी तर असतंच. पण चार पायांच्या एका मुक्या वस्तूशी जन्मभर दावा मांडणारा मी पाहिलेला हा एकच. तो माणूस एक दिवस खरोखरच खुर्चीत बसला आणि उठेना, तेव्हा आमच्या अख्ख्या कॉलनीचं धाबं दणाणलं. त्याचीच ही हकीकत. पण आधी ते बसत कसे नसत हे सांगायला हवं, नाहीतर बसले तर बसले, त्यात एवढं काय, असं कुणीतरी म्हणायचं आणि मग मला राग यायचा.

आम्ही मूळचे नाशिकचे. ऐंशीच्या दशकात सिल्वासात धडाधड कारखाने निघत होते, त्यातल्या एका धाग्याच्या कारखान्यात यांना स्टोअरमध्ये नोकरी लागली आणि मी तिथल्या मराठी शाळेत शिकवायला लागले. आमच्या वरच्या मजल्यावर काका आणि काकू राहत. काका त्याच कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन, जळगावकडचे. माझी मुलं त्यांना काका म्हणायची म्हणून आम्हीही म्हणू लागलो. ते मात्र मला वहिनी म्हणत आणि यांना “स्टोअरवाले”. उंच, सडसडीत बांधा, पँटच्या खिशात कायम एक पाना आणि कपाळावर कायम एक आठी. आम्ही नव्या घरात सामान लावत होतो तेव्हा ते पहिल्यांदा आले. मी रीत म्हणून म्हटलं, “बसा ना, चहा टाकते.” तर म्हणाले, “चहा टाका वहिनी. त्याच्यात बसायचं काय काम आहे?” आणि कप हातात घेऊन आमच्या दोन्ही खोल्यांतून हिंडत, खिडक्यांच्या कड्या हलवून बघत त्यांनी तो संपवला. जाताना एक कडी बसवूनही दिली.

ते जेवत उभ्याने. काकूंनी ओट्यावर ताट ठेवायचं, काकांनी एक घास घेऊन गॅलरीत जायचं, खाली कोण आलं कोण गेलं ते बघायचं, परत यायचं, दुसरा घास घ्यायचा. “माझ्या भाकरीला रोज प्रदक्षिणा मिळते,” असं काकू म्हणायच्या. वर्तमानपत्र ते जिन्यात वाचत, एकेक पायरी उतरत. परदेशच्या बातम्या वरच्या पायऱ्यांवर व्हायच्या आणि खेळाच्या पानाशी ते आमच्या दारात पोचायचे, त्यामुळे क्रिकेटचा निकाल आम्हाला पेपर न घेता कळत असे. किलवणी नाक्यावरचा न्हावी त्यांची दाढी स्टुलावर उभा राहून करायचा. वापीहून येणारी बस रिकामी असली तरी काका दांडा धरून उभे. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, “काका, बेसी जाओ ने, आखी बस खाली छे.” काका म्हणाले, “तमे बेसो. मारे तो सिलवासा जवानुं छे.” म्हणजे, तुम्ही बसा, मला तर सिल्वासाला जायचंय. कारखान्याच्या एका वर्धापनदिनाचा फोटो आमच्याकडे अजून आहे. पहिल्या रांगेत साहेबलोक खुर्च्यांवर बसले आहेत, मधली एक खुर्ची रिकामी आहे आणि तिच्या पाठीवर हात ठेवून काका मागे उभे आहेत. फोटो पाहणारा प्रत्येक जण विचारतो, कोण आलं नव्हतं त्या दिवशी.

या वैराचं मूळ त्यांच्या कामात होतं. एकदा शाळेच्या मुलांना कारखाना दाखवायला नेलं तेव्हा ते मला कळलं. कारखान्यात काही मोटरी चालू असत, काही अडीनडीला लागतील म्हणून बंद ठेवलेल्या. चालू मोटरीकडे कुणाचंही लक्ष असतं. काकांचा जीव बंद मोटरींत. रोज पाळी सुरू झाली की ते शेडच्या मागच्या अंगाला जायचे आणि प्रत्येक बंद मोटरीचा शाफ्ट, म्हणजे मधला फिरता दांडा, हाताने फिरवायचे. मुलांना वाटलं काका खेळतायत. काकांनी त्यांना जवळ बोलावलं. “मोटर नुसती पडी राह्यली ना पोरांनो, तर या दांड्याचं सगळं वजन बेअरिंगच्या एकाच जागेवर येतं. ग्रीस खाली उतरून जातं. वरतून इथला पावसाळा, गंज धरतो. मग एक दिवस स्विच टाकला की ती नुसती गुरगुरते, फिरत नाही, अन् जळून जाते. लोक म्हणतात, मोटर खराब निघाली. खराब कशाची भो? बसवून बसवून मारली तिला.” आणि फिरवण्यातही एक नियम होता. दांडा जिथून निघाला तिथेच परत आणून सोडायचा नाही, थोडा पुढे सोडायचा, म्हणजे कालच्या जागेवर आज भार पडत नाही. त्यासाठी प्रत्येक दांड्यावर खडूची खूण असे. “काल होता तिथं आज नाही ठेवायचा,” हे वाक्य मग वर्गात बाक बदलायच्या वेळी मुलं एकमेकांना ऐकवायला लागली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण काकांनी हा नियम मोटरींवरून उचलून माणसांना लावला, आणि तिथून कॉलनीच्या सुखाला नजर लागली. बसलेल्या माणसाच्या अंगातलं ग्रीस उतरतं, मग सर्दी, खोकला, ताप, गळू, ज्याला वाटेल तो रोग आत शिरतो, कारण अडवायला आत कुणी जागंच नसतं, असा त्यांचा सिद्धांत. गणपतीच्या मंडपात भजनाला बसलेल्या बायकांनाही ते मधेच “जरा उठा, जरा उठा” म्हणून उठवायचे. आरतीला सगळे उभे राहिले की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं, ते गणपतीसाठी होतं असं मला कधी वाटलं नाही.

आमच्या घरी या सिद्धांताची परीक्षा झाली ती यांचा घोटा मोडला तेव्हा. दादऱ्याच्या रस्त्यावर स्कूटर घसरली, प्लास्टर झालं आणि नाशिकहून सासूबाई आल्या. सासूबाईंच्या मायेचं एकच रूप होतं: हलू नकोस. पाठीला उशा, पायाखाली उशा, तोंडात शिरा. पाण्याचा पेलासुद्धा त्या स्वतः धरायच्या. महिना होत आला आणि यांना आधी सर्दी झाली, मग घसा धरला, मग पाठीवर गळू उठलं, मग खोकला छातीत उतरला. सासूबाईंनी दृष्ट काढली आणि उशा वाढवल्या. एके सकाळी काका वरून आले, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि यांच्याकडे बघत म्हणाले, “पाय मोडला ना स्टोअरवाले? मग हात, मान, छाती अन् दुसरा पाय, यांना सुट्टी कोणी दिली?” आणि उशा एकेक करून खाली टाकल्या. हात वर, हात खाली, खोल श्वास, मान इकडे, मान तिकडे, कुबडी घेऊन दारापर्यंत, दुसऱ्या दिवशी दाराच्या पुढे. सासूबाई संतापल्या. “माझ्या मुलाला तुम्ही मोटर समजता का?” काका शांतपणे म्हणाले, “मोटरीचं नशीब बरं असतं आई. तिला आई नसते.” सासूबाई त्यांच्याशी पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. खोकला मात्र गेला, गळूही बसलं, आणि नाशिकला परतल्यावर सासूबाई आळीतल्या बायकांना सकाळी हात वर-खाली करायला लावतात, असं नणंदेकडून कळलं.

आता काका प्रत्येक वेळी बरोबरच असत, असं म्हटलं तर काकूच मला हसतील. पॅकिंग खात्यात धुळ्याकडचा एक कामगार होता. तो एकदा तापाने फणफणून पडला तर काकांनी त्याला उठवून कारखान्याच्या कंपाउंडला फेऱ्या मारायला लावल्या. तो गेटपाशी चक्कर येऊन कोसळला. मलेरिया होता. नाक्यावर एका पुण्याच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता; बाई अंगाने बारीक आणि आवाजाने मोठ्या. त्यांनी काकांना सगळ्या पेशंटांच्या देखत फैलावर घेतलं. “ताप चढलेला माणूस म्हणजे तुमची बंद मोटर नव्हे. ती तापलेली मोटर. तापलेल्या मोटरीचं काय करता तुम्ही?” “बंद करतो,” काका म्हणाले, “थंड होऊ देतो.” “मग?” त्यानंतर तो कामगार बरा होईपर्यंत काका रोज त्याच्या खोलीवर खिचडीचा डबा घेऊन जात आणि तो जेवेपर्यंत खाटेशी उभे राहत. बिचाऱ्याला त्याच्यामुळे घास उतरत नसे.

पण डॉक्टरीणबाई नुसत्या रागावून थांबल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त ग्रीस म्हणू नका. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. आपण हिंडतो-फिरतो, स्नायू हलतात, रक्त जोरात फिरतं, तेव्हा त्या रक्ताबरोबर बाहेर पडून सगळीकडे गस्त घालतात. माणूस महिनोन् महिने पडून किंवा बसून राहिला की ती गस्त ढिली पडते. श्वास वरच्या वर राहतो, छातीतला कफ तिथेच साचतो, जखमा भरायला वेळ लागतो, आणि एरवी दारातूनच परत गेला असता तो आजार घरात येऊन राहतो. ताप असताना विश्रांती हवी. ताप गेल्यावर मात्र उठायला हवं. काकांनी घरी येऊन कॉलनीला यातलं फक्त शेवटचं वाक्य सांगितलं.

नव्वदच्या दशकात सिल्वासाचे रंग बदलले. ज्या सवलतींसाठी कारखाने आले होते त्या संपत आल्या तसे काही मालक गाशा गुंडाळायला लागले. आमच्या कारखान्याची आधी रात्रपाळी बंद झाली, मग दुसरी पाळी, मग गेट. कुणी गावी गेलं, कुणी गलोंड्याच्या नव्या कारखान्यांत चिकटलं. हेही तिकडेच लागले. काकांना तिथे बोलावणं आलं होतं. ते गेले नाहीत. आता सगळ्याच मोटरी बंद होत्या आणि त्या सगळ्या फिरवायला एक माणूस उरला होता. वॉचमन ओळखीचा, तो गेटमधलं छोटं दार उघडून द्यायचा. काका आत जायचे, अंधाऱ्या शेडमध्ये एकेक दांडा हाताने फिरवायचे, खडूची खूण करायचे आणि दुपारी घामेघूम होऊन परत यायचे. पगार नाही, हुकूम नाही. खांदा सुजला तर दुसऱ्या हाताने. हे त्यांना म्हणाले, “काका, मालक काही परत येत नाही.” काका म्हणाले, “येईल नाही येईल, तो त्याचा प्रश्न. मोटर जाम झाली तर तो माझा प्रश्न आहे.” असा अख्खा पावसाळा गेला, हिवाळा गेला.

उन्हाळा लागतालागताच भंगारवाल्याचे ट्रक आले. काका त्या वेळी आतच होते. भंगारवाल्याच्या माणसाने एका मोटरीचा दांडा सहज बोटाने फिरवून पाहिला, तो गरगर फिरत राहिला. “मक्खन के माफिक चलता है,” तो म्हणाला, आणि मोटर ट्रकमध्ये टाकायला सांगितली. हे काकांनी मला सांगितलं नाही, वॉचमनने सांगितलं. काकांनी शेवटचा ट्रक जाईपर्यंत उभं राहून पाहिलं आणि घरी आले.

आणि त्यानंतर आमच्या शहाण्या लोकांनी काय करावं? काकांचा निरोपसमारंभ केला. जुने कामगार जमले, वर्गणी काढली, आणि काकांना भेट म्हणून एक वेताची आरामखुर्ची दिली. “जन्मभर उभे राहिलात, आता आराम करा,” असं भाषणही झालं. टाळ्या पडल्या. मी काकूंकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस ती खुर्ची उचलून दमणगंगेत टाकून येणार. त्यांनी दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला, खुर्ची स्वतः जिना चढून वर नेली, भिंतीशी ठेवली आणि तीत बसले.

ते बसलेच. पहिले काही दिवस आम्हाला वाटलं, थकले असतील, उठतील. ते तिथेच जेवायला लागले. वर्तमानपत्र तिथेच वाचायला लागले, म्हणजे उघडून धरायला लागले, कारण पान उलटल्याचा आवाज येत नसे. न्हावी घरी येऊन दाढी करून गेला. जाताना जिन्यात मला म्हणाला, “ताई, आज स्टूल नाही लागलं,” आणि त्याचा चेहरा पडलेला होता. ज्या माणसाकडे कधी रुमाल नव्हता त्याला सर्दी झाली. सर्दीचा खोकला झाला, खोकल्याचा ताप झाला, ताप उतरला पण खोकला राहिला. पायाच्या बोटाला साधं खरचटलेलं होतं, ते भरेना. मग कमरेला नागीण उठली, त्या कळांनी रात्र रात्र झोप नाही. ती बरी होते न होते तोच छाती पुन्हा भरली. डॉक्टरीणबाई स्वतः घरी येऊन तपासून गेल्या. खाली उतरताना त्यांचा मोठा आवाज बारीक झाला होता. “औषधं मी देईन. पण आता ताप नाही, आता यांनी उठायला हवं. पावसाळ्याच्या आत उठले नाहीत, तर हा पावसाळा त्यांना झेपेल असं मला वाटत नाही.”

आणि भेटायला येणारे काय म्हणत होते? बसू द्या. वय झालं. फार राबले. जळगावहून त्यांचे साडू आले होते, ते तर खुर्चीला आणखी एक उशी घेऊन आले. मला या “बसू द्या”ची इतकी चीड आली, की सांगता सोय नाही. अरे, सगळ्या जगाला ज्याने उठवलं त्याला तुम्ही मायेने बसवून मारताय, आणि वर त्याला सेवा म्हणताय? काकू एका दुपारी माझ्याकडे आल्या आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, “पोरी, माझं सगळं बोलून झालं. ते म्हणतात, आता कशाला?” मी म्हटलं, “काकू, उद्यापासून त्यांचा चहा मी करणार. तुम्ही फक्त मध्ये पडायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मी वर गेले, चहा केला आणि कप त्यांच्या हातात न देता समोरच्या खिडकीत ठेवला. काकांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “वहिनी, चहा इकडे द्या.” “चहा तिथे आहे, काका.” “मला समजतं हे. मी काही लहान पोर नाही.” “समजतं ना, मग उठा.” ते उठले नाहीत. चहा गार झाला, मी मोरीत ओतला आणि कप विसळून ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. काकूंचा जीव कासावीस होत होता. पण मी डोळे वटारले की त्या आत जायच्या. साडू मात्र भडकले. “बाई, आजारी माणसाचा छळ चालवलाय तुम्ही,” ते म्हणाले. मी म्हटलं, “हो, चालवलाय. अन् ती तुमची उशी आधी तिथून काढा.” मास्तरणीचा आवाज होता, त्यांनी निमूट काढली.

मग काका बोलले. कितीतरी दिवसांनी एवढं सलग बोलले. “वहिनी, कशाला त्रास करी राह्यल्या? कोणासाठी उठू? फिरवायला राहिलं काय आहे आता?” त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. मला एकदम भडभडून आलं, आणि मला रडू यायला लागलं की मी भांडते, तशी भांडले. “काका, वर्षभर त्या मोटरी तुम्ही कोणासाठी फिरवल्या? मालक येणार नव्हता हे वॉचमनला माहीत होतं, यांना माहीत होतं, तुम्हालाही माहीत होतं. तरी हात सुजवून घेतलात. का?”

त्यांनी खिडकीतल्या कपाकडे पाहिलं. मग म्हणाले, “त्या खराब झाल्या नव्हत्या म्हणून.”

“मग तुम्ही तरी कुठे झालाय?”

त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. काकू पुढे सरकल्या, मी त्यांचा हात धरून त्यांना मागे ओढलं. पहिल्यांदा ते अर्धे उठून परत खाली बसले. दुसऱ्यांदा उठले. पँट कमरेवरून घसरत होती, इतके ते वाळले होते. भिंतीला धरत धरत ते खिडकीशी गेले, कप उचलला आणि उभ्याने चहा प्यायले. मग कप ठेवून म्हणाले, “साखर कमी आहे.” मी खाली आले आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खूप रडले.

त्यानंतर चहा रोज नव्या जागी असायचा. काल खिडकीत, आज गॅलरीच्या कठड्यावर, मग जिन्याच्या वरच्या पायरीवर. “काल होता तिथं आज नाही ठेवायचा,” असं मी बजावून सांगितलं आणि ते गालात हसले. डॉक्टरीणबाई अधूनमधून येऊन छाती तपासत आणि कुठवर न्यायचं, कुठे थांबायचं ते सांगत. काका धापा टाकत, शिव्या देत, खोकत उतरायचे. चहा आमच्या घरात आला, तेव्हा पुन्हा एकदा क्रिकेटचा निकाल आमच्या दारात वाचला गेला. मग हे संध्याकाळी त्यांना घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाऊ लागले. दुकानदाराने लगबगीने स्टूल पुढे केलं, “बेसो ने काका, थोडी वार.” काका म्हणाले, “तमे बेसो.” यांनी घरी येऊन ते मला दोनदा सांगितलं.

असं करत करत एका रविवारी आम्ही तिघं बंद कारखान्याच्या गेटपर्यंत गेलो. मला नको वाटत होतं, पण त्यांनीच पावलं तिकडे वळवली. गेटच्या फटीतून शेड दिसत होती, रिकामी. जमिनीवर मोटरींचे सिमेंटचे ओटे आणि त्यांतून वर आलेले बोल्ट तेवढे राहिले होते. काका फटीला डोळा लावून उभे राहिले. मी मनात म्हटलं, आता हा माणूस इथेच बसणार. पण ते मागे वळले, गेटच्या गंजलेल्या कडीला खिशातला पाना घालून ती जरा वर-खाली केली, आणि म्हणाले, “चला. जाताना नदीकडून जाऊ. आलो त्या रस्त्यानं नको.”

तो पावसाळा त्यांना झेपला. खोकला एकदा येऊन गेला, नुसता दारातून. पायाचं बोट भरलं. पुढे ते जळगावला मुलीकडे राहायला गेले, तेव्हा सामानाच्या टेम्पोत काकूंना ड्रायव्हरशेजारी बसवून स्वतः मागे पेट्या धरून उभे राहिले. किती वेळ राहिले देव जाणे. वेताची खुर्ची त्यांनी आम्हाला दिली. “राहू द्या घरात,” म्हणाले, “पण कोणाला जास्त बसू देऊ नका.”

पुढे बऱ्याच वर्षांनी काका गेले. मी काकूंना भेटायला जळगावला गेले होते. काकू सांगत होत्या, शेवटचे थोडे दिवस ते अंथरुणाला होते, अंगात उठायचं त्राण नव्हतं. शेवटच्या दिवशी सकाळी मुलीला जवळ बोलावलं आणि भिंतीकडे हात केला. “काल या कुशीवर होतो. आज त्या कुशीवर कर.” तिने केलं. तेवढं झाल्यावर, काकू म्हणाल्या, त्यांनी डोळे मिटले ते फार समाधानाने.

आता आमचेही हे रिटायर झाले आहेत. सकाळी पेपर घेऊन त्या वेताच्या खुर्चीत बसतात आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, “चहा झाला का गं?” मी म्हणते, “झाला. खिडकीत आहे.” काल तो दाराशी होता. हे कुरकुरतात, गुडघ्यांवर हात ठेवतात, पण उठतात. ते खिडकीपर्यंत पोचेस्तोवर मीही उभीच असते.